अडकलेला आकडा

सासूबाईंना उंचीची भीती वाटायची, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. माळ्यावरचं पांघरूण काढायला स्टुलावर चढायचं झालं तरी खाली दोन माणसं धरायला लागायची, आणि वर चढल्यावर त्या दोघांनाही ओरडा बसायचा. म्हणून त्या सकाळी हातात पिशवी घेऊन त्या रोपवेच्या खालच्या स्टेशनात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची सून कंट्रोल रूममधून धावतच बाहेर आली.

"आई, तुम्ही इथे? गाडीने जाणार होतात ना?"

"रस्त्यात दरड पडलीय. अर्ध्या वाटेवरून गाडी माघारी फिरली." सासूबाईंनी वर जाणाऱ्या दोराकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीला लावली. "बहीण वर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलीय. आज गेले नाही तर जन्मभर ऐकवेल. सोड मला तुझ्या त्या डब्यातून."

"डबा नाही हो, केबिन."

"टांगलेला डबाच तो. कुठे बसायचं तेवढं सांग."

सून या रोपवेवर ऑपरेटर होती. स्टेशनातले सगळे तिला ताई म्हणायचे. नोकरी लागून बरीच वर्षं झाली, पण सासूबाईंनी या आवारात पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. सुनेची नोकरी काय असते असं कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "माणसं हवेत लटकवते." सासूबाईंचं बोलणंच तसं. चहा उतू गेला तर "सगळा ओटा वाहून गेला", नातवाचं अंग जरा तापलं तर "पोर भाजून निघालंय". त्यांच्या बोलण्याला चाराने भागायचं आणि मग जे उरेल ते खरं धरायचं, हे ताई लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात शिकली होती. त्यात राग नव्हता. घरात सगळेच तसं भागायचे.

तिने स्वतः सासूबाईंना केबिनमध्ये बसवलं, पाठ टेकायला लावली, दाराशेजारचं बटण दाखवलं. "हे एकदा दाबलंत की तुमचा आवाज थेट माझ्या टेबलावर येत राहतो. काही वाटलं तर बोला."

"काही नाही वाटलं तर?"

"तर खिडकीतून बघत बसा."

"शहाणीच आहेस," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

त्या फेरीला दुसरा एकच प्रवासी होता, गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक फोटोग्राफर. दार लागलं, ताई कंट्रोल रूममध्ये परतली आणि केबिन वर निघाली.

कंट्रोल रूम म्हणजे समोर काच असलेली एक अरुंद खोली. मध्ये दांडे आणि बटणांचं टेबल, आणि टेबलाच्या कडेला एक जुना लॅपटॉप. हा लॅपटॉप तिथे मुळात नव्हता. रोपवेच्या वाटेवर मधोमध एक लोखंडी खांब आहे, दरीच्या ऐन तोंडाशी. वारा मोजायचं यंत्र त्या खांबावर बसवलेलं. मागच्या वादळात वीज पडली आणि खांबापासून स्टेशनापर्यंतची तार जळाली. नवी तार येईपर्यंत सोय म्हणून कंपनीच्या इंजिनिअरने यंत्राला वायरलेस जोडलं, स्टेशनाच्या छपरावर पेटीत एक राउटर बसवला आणि लिनक्सवर चालणारा हा लॅपटॉप टेबलावर ठेवून दिला. पडद्यावर एकच मोठा आकडा दिसायचा, खांबावरच्या वाऱ्याचा ताशी वेग. पस्तिसाच्या वर गेला की केबिनने खांब ओलांडायचा नाही, हा नियम. कारण वाऱ्यात केबिन झोका घेते, आणि खांबाजवळ झोका घेतला तर लोखंड लोखंडावर आदळतं.

खालचं स्टेशन डोंगराच्या कुशीत, वरचं कड्याच्या आडोशाला. दोन्हीकडे झाडाचं पान हलत नसताना खांबावर वारा माणसाला उभं राहू देत नाही, असं कितीदा तरी व्हायचं. म्हणून त्या आकड्यावर सगळा भरवसा.

आकडा बावीस होता. केबिनने खांब ओलांडला, पलीकडे थोडी पुढे गेली आणि वीज गेली.

दिवे विझले, मोटर थांबली, ब्रेक आपोआप आवळले गेले. दोराला हिसका बसला आणि केबिन दरीवर जागच्या जागी डोलत राहिली. मागच्या शेडमधला जनरेटर खोकत खोकत सुरू झाला, दिवे मिणमिणत परत आले. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर शांतपणे चालू होता. आकडा बावीस.

टेबलावरचा स्पीकर खरखरला. "अगं ए! थांबला हा डबा!"

"वीज गेलीय आई. घाबरू नका, जनरेटर सुरू झालाय. खाली आणते तुम्हाला."

"खाली म्हणजे कसं खाली?"

"हळूहळू, दोरावरूनच."

मॅनेजर साहेब आत आले. साठीला टेकलेला, शांत स्वभावाचा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. पश्चिमेकडून काळाकुट्ट ढग चढत होता. त्यांनी काचेतून ढग पाहिला, मग लॅपटॉप पाहिला.

"बावीसच आहे. वर न्यायला पुढे लांबचा पल्ला, अख्खी दरी ओलांडायचीय. त्यापेक्षा मागे घ्या. खांब ओलांडला की गंगेत घोडं न्हालं. ढग यायच्या आत उरकू."

तिलाही तेच बरोबर वाटलं. तिने वरच्या स्टेशनातल्या मिस्त्रींना फोनवर कळवलं आणि मोटर सुरू केली. जनरेटरवर एकदम भार आला, दिवे क्षणभर पिवळे पडले, पुन्हा सावरले. दोर हलला. केबिन उलटी, सरपटत खांबाकडे यायला लागली.

"अगं, थांबव! पाळणा झालाय याचा! उलटतोय हा डबा!"

ताईने आकड्याकडे पाहिलं. बावीस. बावीसच्या वाऱ्यात केबिन थोडी डुलते, उलटत नाही. तिने सवयीप्रमाणे चाराने भागलं.

"पहिल्यांदाच बसल्यात ना," साहेब म्हणाले. "घाबरल्यात. चालू द्या."

केबिन आणखी पुढे आली. खांब आता जवळ होता. आणि मग स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज आला तो अगदी खालच्या पट्टीतला, घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

"ऐक, मी सांगते ते नीट ऐक. माझ्या समोरच्या काचेत खांब येतो आणि जातो. एकदा डावीकडे असतो, एकदा उजवीकडे. हे कॅमेरेवाले गृहस्थ बाकावरून खाली पडलेत. मी दांडी धरून बसलेय. मला नाही वाटत आम्ही त्या खांबाजवळून नीट जाऊ."

इतक्या वर्षांत सासूबाईंना आवाज खाली करून बोलताना ताईने ऐकलं नव्हतं. त्या बोलण्यात भागायला काही नव्हतंच. तिने ब्रेकचा दांडा ओढला आणि मोटरही बंद केली.

"अहो, हे काय!" साहेब ओरडले. "खांब एवढ्याशावर आलाय आणि तुम्ही थांबता? ढग बघा तो!"

"आकडा बघा साहेब."

"बघतोय की. बावीस."

"मघापासून बावीस आहे. एकवीस नाही, तेवीस नाही. वारा असा कधी आकड्यावर मांडी घालून बसतो का?"

ताईने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या वायरलेसच्या खुणेवर बोट ठेवलं. तिथे 'खांब' हे नाव असायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं 'कँटीन'.

काय झालं ते तिच्या क्षणात ध्यानात आलं. वीज गेली तसा छपरावरचा राउटर बंद पडला. लॅपटॉपला खांबाचं नेटवर्क दिसेना, म्हणून त्याने ओळखीचं दुसरं कोणतं आहे ते शोधलं आणि पार्किंगपलीकडच्या कँटीनच्या वाय-फायला जाऊन चिकटला. कँटीनमध्ये इन्व्हर्टर, तिथलं वाय-फाय कधी जातच नाही. राउटर पुन्हा सुरू झाला, खांबाचं नेटवर्क परत आलं, पण लॅपटॉप काही परत आला नाही. कँटीनमधून वाऱ्याची खबर मिळणार कशी? पडदा आपला शेवटचा ऐकलेला आकडा धरून बसला होता. नेटवर्क पुरतंच गेलं असतं तर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या असत्या आणि तिला कळलं असतं. इथे तर सगळं आलबेल दिसत होतं.

तिने यादी उघडून 'खांब' निवडलं. आकडा गेला, रेघा आल्या. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. मग आकडा उमटला.

सत्तेचाळीस.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. "चालू ठेवली असतीत तर..." एवढंच म्हणाले.

ताईने बटण दाबलं. "आई, तुमचं बरोबर होतं. मला आकडा चुकीचा दिसत होता."

"मग आता?"

"आता वारा जरा पडायची वाट बघू. तोवर तुम्ही दोघं खाली जमिनीवर बसा. खांबाच्या उलट्या बाजूला, पाठ टेकून."

"खाली बसले तर या गुडघ्यांना उठवणार कोण?"

"मी उठवीन. आधी बसा."

स्पीकर चालूच राहिला होता. सासूबाई फोटोग्राफरला दरडावत होत्या. "अहो, तो कॅमेरा सोडा आधी आणि इथे सरका. जगलात तर पुष्कळ फोटो काढाल." त्यावर त्या माणसाचं रडवेलं "हो, हो" ऐकू आलं.

आकडा हलत होता. एक्कावन्न, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस. ढग आता अर्धं आभाळ व्यापून बसला होता. मग चाळीस, छत्तीस, बत्तीस. ताईने मोटरचं बटण दाबलं. दिवे पिवळे पडले आणि सावरले, दोराला ताण आला, ब्रेक सुटला. आकडा एकोणतीस.

या वेळी तिची नजर आकड्यावर नव्हती, कोपऱ्यावर होती. तिथलं 'खांब' पुसलं गेलं आणि बघता बघता 'कँटीन' उमटलं. तिने लगेच ब्रेक ओढला. केबिन जेमतेम हातभर हलली होती.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मोटर सुरू केली की जनरेटर दबतो. जनरेटर दबला की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात हा पठ्ठ्या उठून कँटीनमध्ये जाऊन बसतो. म्हणजे ऐन केबिन हलताना मी आंधळी."

"मी कँटीनचं वाय-फायच बंद करून येतो."

"कुलूप आहे कँटीनला. मालक दरडीपलीकडे अडकलाय, सकाळीच फोन आला होता."

"कुलूप फोडतो!"

"तुम्ही इथेच थांबा, मला दुसरे डोळे हवेत. ही खोड या लॅपटॉपचीच मोडू."

तिने नेटवर्कची सेटिंग उघडली. जोडलेल्या सगळ्या नेटवर्कांची यादी आली, दोनच नावांची. 'खांब'वर दोनदा टिचकी मारली. खिडकी उघडली. पहिलाच चौकोन, 'आपोआप जोडा', त्यात बरोबरची खूण. शेजारी प्राधान्याचा आकडा, शून्य. मग तिने 'कँटीन' उघडलं. तिथेही खूण, पण शेजारी दहा.

"दहा कुणी टाकले?"

साहेबांनी चष्मा काढला. "मीच. खांबाच्या नेटवर्कवर इंटरनेट नाही. संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा तर दर वेळी हाताने बदलावं लागायचं. म्हटलं, कँटीनला पुढे घालून ठेवू. वाऱ्याचा आकडा पूर्वीसारखा तारेवरूनच येतोय, असंच डोक्यात बसलेलं."

बोलायला वेळ नव्हता आणि तिला बोलायचंही नव्हतं. तिने 'खांब'च्या शून्याच्या जागी एक टाकला. पहिला नंबर म्हणून एक.

"एक नको," साहेब पुढे झुकले. "इथे उलटं आहे. मोठा आकडा तो पहिला. कँटीनचे दहा एकाच्या पुढेच राहतील."

तिने शंभर केले आणि 'जतन करा' दाबलं. पडद्याने पासवर्ड मागितला. बोटं घामेजलेली, पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. स्पीकरमधून लोखंडी कुरकुर ऐकू येत होती आणि त्यावरून सासूबाईंचा तोच खालचा आवाज, "बसलोय आम्ही. तुझं चालू दे." या वेळी पासवर्ड बरोबर पडला.

साहेब उठून उभे राहिले. "झालं! सुरू करा."

तिचा हात मोटरच्या बटणावर गेला आणि तिथेच थबकला. काहीतरी राहून गेलं होतं. दिवे दबतील, राउटर बंद पडेल. परत सुरू व्हायला त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हा लॅपटॉप काय करेल? थांबेल थोडाच! समोर कँटीन दिसतंय, त्यात जाऊन बसेल. मग शंभराचा मान असलेला पाहुणा दारात आला तरी दहाचा मानकरी खुर्ची सोडत नाही. निवडायच्या वेळीच मोठा आकडा बघतात. एकदा कुणी बसला की बसला.

"नुसता आकडा वाढवून भागायचं नाही साहेब. कँटीनची वाटच बंद करायला हवी."

तिने 'कँटीन' पुन्हा उघडलं आणि 'आपोआप जोडा'च्या चौकोनातली खूण काढून टाकली. पासवर्ड. जतन. मग हाताने 'खांब' जोडलं. आकडा त्रेचाळीस.

"आता राउटर गेला तर हा कुठेही जायचा नाही," ती म्हणाली. "रेघा दाखवील आणि वाट बघेल. पण राउटर यायला वेळ लागेल तो लागेलच. तेवढ्यात केबिन खांबाशी पोचेल."

वरच्या मिस्त्रींचा फोन अजून चालू होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ताई, एक करा. मोटर आत्ताच सुरू करा, पण क्लच सोडू नका. मोटर नुसती फिरू दे, ब्रेक तसाच राहू दे. दिव्यांना काय दबायचं ते आत्ता दबतील. राउटर आला की वाऱ्याची वाट बघा. पडला की फक्त क्लच सोडायचा. जनरेटरला तेवढा झटका बसणार नाही."

"बसला तर?"

"तर रेघा दिसतील. निदान खोटं तरी दिसणार नाही."

तिने क्लच दाबून मोटर सुरू केली. दिवे पिवळे पडले. कोपऱ्यातलं 'खांब' पुसलं गेलं. आकड्याच्या जागी रेघा आल्या. दोघांचे डोळे त्या कोपऱ्याला खिळले. यादीत 'कँटीन' होतं, त्याच्या लहरींची खूण भरलेली होती. पण लॅपटॉप तिकडे वळला नाही. साहेब ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते. खोलीत फक्त मोटरची घरघर.

'खांब' उमटलं. आपोआप. आकडा आला एकेचाळीस, मग चाळीस, मग त्रेचाळीस. जिवंत आकडा.

"आई, आवाज येतोय?"

"येतोय."

"मी आता तुम्हाला विचारीन आणि इथे आकडाही बघेन. दोन्ही जुळलं की निघायचं."

"विचार."

बाहेर पहिली टपोरी सर काचेवर आपटली आणि थांबली. अडतीस. चाळीस. सदतीस. साहेब मोठ्याने आकडे वाचत होते, कारण तिने आता काचेतून केबिनवर नजर लावली होती. चौतीस. एकतीस. अठ्ठावीस.

"आई?"

"कमी झालंय. खांब एका जागी दिसतोय."

"सव्वीस," साहेब म्हणाले.

तिने ब्रेक सोडला, क्लच हलकेच सोडला. दिवे थरथरले. "खांबच आहे, खांबच आहे," साहेब म्हणाले. "सत्तावीस." केबिन निघाली, गोगलगायीच्या गतीने. तिला वेग वाढवता येत नव्हता, जनरेटरला तेवढीच ताकद. केबिनचं नाक खांबाच्या चौकटीत शिरलं.

"एकोणतीस. तेहतीस. ताई, अडतीस! अडतीस झाला, थांबवायचं?"

नियम थांबायला सांगत होता. पण केबिन अर्धी चौकटीत होती, आणि तिथे थांबणं म्हणजे लोखंडाच्या दाढेत मान ठेवणं. "आता नाही," ती म्हणाली आणि तिने हात हलू दिला नाही. केबिन डावीकडे झुकली. कर्र असा आवाज स्पीकरमधून आला आणि त्याच वेळी काचेतून, दुरून. फोटोग्राफर किंचाळला. सासूबाईंचा आवाज आला नाही.

"बेचाळीस," साहेब कुजबुजले.

केबिन चौकटीतून बाहेर पडली. मोकळ्या दोरावर ती दोनदा मोठ्याने डोलली आणि मग उतरणीला लागून आडोशात आली, तशी शांत होत गेली.

"आई? आई, बोला!"

बराच वेळ खरखर. मग, "आहे. जीभ चावली गेली."

ताईचा जीव भांड्यात पडला. तरी तिने केबिन फलाटाला लागून खुंट्या अडकेपर्यंत दांड्यावरचा हात काढला नाही. साहेब मात्र तोवर पुन्हा सुरू झालेल्या पावसात धावत सुटले होते. त्यांनीच दार उघडलं. केबिनच्या एका कुशीवर लांबलचक ओरखडा होता, पत्रा आत दबलेला. फोटोग्राफर रांगतच बाहेर आला, फलाटावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. सासूबाई आत जमिनीवर तशाच बसलेल्या, दोन्ही हातांनी दांडी धरून. ताईने त्यांना काखेत हात घालून उठवलं. गुडघे खरंच सरळ होईनात. पण त्यांनी आधी तिला बाजूला सारलं, लंगडत फोटोग्राफरपाशी गेल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं हो. झालं आता. पाणी प्या."

ताईने मोटर बंद केली, वरच्या मिस्त्रींना कळवलं, रोपवे बंद असल्याची पाटी लावली. पाऊस असा काही कोसळायला लागला की समोरचा खांब दिसेना. साहेब कंट्रोल रूममध्ये गेले, लॅपटॉपसमोर बसले आणि त्यांनी यादीतून कँटीनचं नाव कायमचं काढून टाकलं. मग मुख्य कचेरीला फोन लावला. नवी तार येईपर्यंत रोपवे बंद राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पलीकडचा माणूस चढ्या आवाजात बोलत होता, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. "चूक माझी आहे, ती मी लेखी देतो," साहेब म्हणाले. "पण केबिन हलणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

ताई बाकावर सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली. सासूबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घट्ट धरले. दोघींचेही हात गार होते.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "मघाशी एकदम आवाज खाली का केलात?"

"वर बसून किंचाळले असते तर तू खाली हातपाय गाळून बसली असतीस. दांडा तुझ्या हातात होता, माझ्या नाही."

ताईने मान खाली घातली.

"मला वाटलं होतं, तू ऐकणार नाहीस," त्या म्हणाल्या. "घरात कुणी ऐकत नाही माझं."

"मीही नव्हते ऐकत. आधी ओरडलात तेव्हा मी केबिन चालूच ठेवली होती."

"माहितेय मला." सासूबाईंनी तिचे हात सोडले नाहीत. "दुसऱ्यांदा सांगितल्यावर थांबवलीस ना. चल, मला उठव. आणि तुझ्या नवऱ्याला फोन कर. दरडीचं ऐकून तो मला शोधत असेल."